शेजारचा कोनाडा

मोंतेफोस्को, २ नोव्हेंबर १९९८

प्रिय नीवेस,

आज मृतांचा दिवस. सकाळी आठला दफनभूमीत गेलो. कार्मेलाताई बरोबर होती. पांढरी शेवंती संपली होती, पिवळी घेतली. मिस्सा झाली. दुपारी ताईकडे जेवलो. हवा थंड आहे, पाऊस नाही.

तुझ्या मावसबहिणीची, देल्फिनाची, शवपेटी भिंतीतल्या ज्या कोनाड्यात आहे, त्यावर अजून नुसतं सिमेंट आहे. गवंड्यानं ओल्यावर खिळ्यानं नाव ओढलं होतं, तेवढंच. पाच महिने झाले. पाथरवट दोनातो रस्त्यात भेटला की विचारतो, "संगमरवरावर काय कोरू? ‘आदर्श पत्नी’ टाकून देऊ? ते मी न विचारताच कोरतो, पत्नी कोणतीही असो." मी म्हटलं, थांब. शेजारचा कोनाडाही रिकामा आहे. तो माझ्यासाठी घ्यायचा की नाही, हे दफनभूमीच्या कचेरीला ईस्टरपर्यंत कळवायचं आहे. इथं नवरे तो त्याच आठवड्यात घेतात. ताई म्हणते, लोक विचारायला लागलेत.

मी पत्र लिहितोय ते वेगळ्या कामासाठी. ईस्टरनंतरच्या आठवड्यात, म्हणजे देल्फिना यायची त्याच दिवसांत, मला फ्लोरेन्सला यायचं आहे. ती अकरा वर्षं दर वसंतात तुझ्याकडे राहून चित्रं बघून यायची आणि मी एकदाही आलो नाही. पाटी लावण्याआधी एकदा बघावं असं वाटतं. माझं निवृत्तिवेतन तुला ठाऊक आहे. पण तिचा आठवड्याचा सगळा खर्च साठ हजार लिरांवर कधी गेला नाही. पत्त्यांच्या क्लबात कोणाला खरं वाटायचं नाही. मलाही तेवढ्यात बसवायचं आहे. तुझ्या घरी उतरणं बरं दिसणार नाही, तूही एकटी, मीही. तेव्हा कुठं राहावं, कुठं खावं, कुठल्या जागी तिकीट लागत नाही, ते कळव.

फोन करत नाही, कारण फोन ताईच्या घरात आहे.

तेलाचा एक डबा पाठवला आहे. तिच्यासारखी सुटकेस भरून आणणं मला जमणार नाही. ती बसपर्यंत पोचवून आलो की माझा खांदा आठवडाभर दुखायचा.

तुझा,
लिबोरिओ

*

फ्लोरेन्स, १९ नोव्हेंबर १९९८

प्रिय लिबोरिओदाजी,

पत्र आणि डबा एकाच दिवशी आले. झाकण उघडलं आणि स्वयंपाकघरात उभी राहून रडले. किती वर्षांनी आपल्याकडच्या तेलाचा वास या घरात आला! इथली माणसं आपलंच तेल जगात भारी म्हणतात आणि पाव मात्र अळणी खातात. आता मी दोन्ही एकत्र खाते आणि कोणाला सांगत नाही.

दाजी, साठ हजारांचे दिवस गेले. सगळं महागलंय. आणि ईस्टरनंतर तर येऊच नका, शाळांच्या सहली असतात, चित्रापुढं नुसती पोरांची डोकी दिसतात. मे महिन्यात परदेशी लोक. जूनमध्ये उकाडा. खरं सांगू? आता पुस्तकं इतकी छान निघतात की त्यातच चित्र जास्त स्पष्ट दिसतं. मी एक पाठवून देऊ का?

ऐकणार नाहीच म्हणालात तर लिहून ठेवते. मोठ्या संग्रहालयांच्या रांगेत पैसे घालवू नका. जुन्या मठांची भोजनगृहं आहेत, त्यांच्या भिंतींवर येशूचं शिष्यांबरोबरचं शेवटचं भोजन रंगवलेलं असतं. काही ठिकाणी तिकीटच नाही, घंटा वाजवायची, राखणदार दार उघडतो. खायला बाजारात गाडीवरचा वजडी-पाव घ्या, उभ्यानं. संध्याकाळी शिळ्या पावाचं घेवडा घातलेलं सूप, त्यावर दुसरं काही लागत नाही. राहायला नदीपलीकडे सिस्टरांचं अतिथीगृह आहे. सिस्टर एदवीजे यांना लिहा. बागेकडची खोली मागा, देल्फिनाला तीच आवडायची.

पण माझं ऐका, नोव्हेंबरात या. पुढच्या.

कार्मेलाताईंना नमस्कार. त्यांना म्हणावं, फोनचं बिल मी भरेन, जरा कान बाजूला ठेवा.

तुमची,
नीवेस

*

मोंतेफोस्को, ६ डिसेंबर १९९८

प्रिय नीवेस,

आज रविवार. मिस्सेला गेलो. बॉयलर बिघडला होता, दुरुस्त केला.

तुझ्या पत्राबद्दल आभारी आहे. मी ते दोनदा वाचलं. मी तीस वर्षं जमीन-नोंदणीच्या कचेरीत काढली. दोन शेजाऱ्यांच्या नकाशांत बांध जुळला नाही की कोणीतरी काहीतरी हलवलंय, एवढं कळतं.

तू लिहितेस, किती वर्षांनी आपल्याकडच्या तेलाचा वास आला. देल्फिना दर वर्षी तुझ्यासाठी तेल, सॉसेज, वाळवलेल्या मिरच्या घेऊन जाते असं मी समजत होतो. उत्तरेकडं जाणाऱ्या माणसाची सुटकेस जड असली की आपल्याकडे कोणी विचारत नाही, खाणंच असणार. मीही विचारलं नाही. मग तिच्यात काय असायचं?

तू लिहितेस, सिस्टरांकडची बागेकडची खोली तिला आवडायची. ती तुझ्याकडे उतरायची ना?

आणखी एक गोष्ट मी कोणाला लिहिलेली नाही. ती गेली त्या सकाळी तिला निजवायला ताईनं रुखवताची पेटी उघडली. तुला ती पेटी ठाऊक आहे. लग्नाआधी आठ दिवस तुझ्या मावशीनं ते सगळं तीन पलंगांवर मांडलं होतं आणि माझ्या आईनं स्वतः मोजलं होतं. बारा जोड चादरी, टेबलावरची कापडं, टॉवेल, सगळ्यांवर तिची आद्याक्षरं. ताईनं वरची चादर उचलली, तिच्याखाली आणखी एक होती. त्याखाली वर्तमानपत्रं. घडी घालून, नीट रचून, पेटी भरलेली दिसावी अशी.

ताई म्हणाली, "चादरींना पाय फुटले काय?"

मी म्हणालो, "मी सांगितलं होतं तिला, सिस्टरांना देऊन टाक म्हणून."

ताई म्हणाली, "तू? तू तर जुना खिळासुद्धा सरळ करून ठेवतोस."

शेजारी जमले होते म्हणून ती पुढं बोलली नाही. पण तेव्हापासून ती माझ्याकडे बघते ते वेगळं बघते.

मी ईस्टरनंतरच येणार.

लिबोरिओ

*

फ्लोरेन्स, २० डिसेंबर १९९८

प्रिय दाजी,

नाताळच्या शुभेच्छा. तेलाचं मी असंच लिहून गेले, बायका लिहितात तसं. वर्ष-दोन वर्षं तिनं आणलं नसेल, एवढंच. आणि सिस्टरांकडं ती कधीतरी राहायची, माझ्या सासूबाई अंथरुणाला खिळल्या होत्या तेव्हा. यात काय मोठंसं?

पेटीचं मला काही सांगता येणार नाही.

दाजी, गेलेल्या माणसाची झडती घेऊ नये. देल्फिना चांगली बाई होती. पाटीवर काय लिहायचं ते लिहा आणि शांत झोपा. सोबत चित्रांचं पुस्तक पाठवतेय, त्यात सगळं आहे.

नीवेस

*

मोंतेफोस्को, १० जानेवारी १९९९

आदरणीय सिस्टर एदवीजे यांस,

मी येत्या एप्रिलमध्ये ईस्टरनंतर पाच रात्री राहू इच्छितो. एकट्यासाठी खोली, साधी चालेल. नाश्ता आणि रात्रीचं जेवण धरून दर कळवावा ही विनंती. माझी दिवंगत पत्नी देल्फिना आपल्याकडे उतरत असे. शक्य असल्यास तीच खोली मिळावी.

आपला नम्र,
लिबोरिओ स्कार्दाच्चोने

*

फ्लोरेन्स, २२ जानेवारी १९९९

सन्माननीय महोदय,

देल्फिनाबाई गेल्याचं वाचून फार वाईट वाटलं. गेल्या वसंतात त्या आल्या नाहीत तेव्हाच मनात पाल चुकचुकली होती. आम्ही त्यांच्यासाठी प्रार्थना करू.

खोली राखून ठेवली आहे. नाश्ता व रात्रीचं जेवण धरून दिवसाला पंचावन्न हजार लिरा. रात्री साडेदहाला दार बंद होतं. देल्फिनाबाईंना त्याची कधी अडचण आली नाही. त्या फार शिस्तीच्या. दहा वर्षांत एकदाही उशीर नाही.

त्यांना आल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गाडीतून न्यायला येणारे गृहस्थही गेल्या वसंतात दारावर विचारायला आले होते. पांढऱ्या मिशांचे. सुटकेस ते स्वतः उचलायचे, देल्फिनाबाईंना कधी उचलू द्यायचे नाहीत. त्यांना ही वार्ता कळवायची का, हे आपण सांगावं. आम्हांला त्यांचं आडनाव ठाऊक नाही, बाई त्यांना ओत्तोरीनो म्हणायच्या.

ख्रिस्तात आपली,
सिस्टर एदवीजे

*

मोंतेफोस्को, १ फेब्रुवारी १९९९

नीवेस,

आज बर्फ पडला. दुपारी रस्ता मोकळा केला. मग कचेरीत गेलो.

सिस्टरांचं पत्र सोबत जोडतो. वाच आणि परत पाठव.

दिवसाला पंचावन्न हजार, आणि ती मला अख्ख्या आठवड्याचे साठ हजार सांगायची. दहा वर्षं. बाकीचे कोण भरायचं? तिच्याकडे स्वतःची कमाई नव्हती. शिक्षिकेचं प्रशिक्षण झालं, नोकरी लागली नाही, हे तुला माहीत आहे. माझ्याकडून ती जे मागायची ते मी देत होतो आणि ते साठ हजारच असायचं.

हा ओत्तोरीनो कोण?

मी आरडाओरडा करणारा माणूस नाही. त्याच्या दारात जाऊन उभा राहणार नाही. मला फक्त माहीत हवं, कारण त्यावर एक गोष्ट अवलंबून आहे. औषधवाल्याच्या घरच्यांना शेजारचा कोनाडा हवा आहे, त्यांची आजी अखेरच्या दिवसांत आहे. आज कचेरीतल्या बाईला मी सांगितलं, मला नको, त्यांना द्या. ती म्हणाली, "घरी बोलून घ्या." मी म्हणालो, "घरी कोण आहे?" तिनं महिनाअखेरपर्यंत कागद पुढं न पाठवण्याचं कबूल केलं. मी मागितलं नव्हतं.

त्या भिंतीत दुसऱ्या कोणाच्या बायकोशेजारी पडून राहायची माझी इच्छा नाही.

लिबोरिओ

*

फ्लोरेन्स, ६ फेब्रुवारी १९९९

लिबोरिओदाजी,

हे पत्र मी तातडीच्या टपालानं पाठवतेय. तुम्ही उद्याच त्या बाईकडे जा आणि तो कोनाडा धरून ठेवायला सांगा. मग पुढचं वाचा.

मी शपथ घेतली होती. देल्फिना, तू मला माफ कर.

पहिल्या वर्षी ती माझ्याकडेच उतरली. तेल आणलं, सॉसेज आणले. तिसऱ्या दिवशी तिला मी एका मठाच्या भोजनगृहात नेलं आणि बाहेर भाजी घ्यायला गेले. परत आले तर ती बाकावर बसलेली. मी म्हटलं, "चल, अजून चार बघायचीत." ती म्हणाली, "तू बघ. मला हे पुरे." दुपारी दार बंद होईपर्यंत बसली. दुसऱ्या दिवशी परत तिथंच. देवाची भक्ती म्हणाल तर तेही नाही, हात जोडलेले मी कधी बघितले नाहीत. नुसती बसायची. परत जाताना म्हणाली, "नीवेस, मला इतकं गप्प कधी बसता आलं नव्हतं."

दुसऱ्या वर्षी माझ्या सासूबाई पडल्या, घरात पाय ठेवायला जागा नाही. मी लिहिलं, या वर्षी नको येऊस. तर ही दारात उभी! सुटकेस घेऊन. उघडली तर वर दोन जोड कपडे आणि खाली चादरी. मी म्हटलं, "बाई, तू घर सोडून आलीस की काय?" तर हसायला लागली. म्हणाली, "विकायच्यात. कुठं विकतात?"

ओत्तोरीनो पेरूत्सी हा जुन्या कापडांचा व्यापारी आहे, दाजी. जुन्या बाजारात त्याचं दुकान आहे. तेव्हाच साठीचा होता, आता सत्तरी ओलांडलीय आणि पोटाला पट्टा बांधतो. हातानं विणलेली, दक्षिणेकडची, कधी न वापरलेली चादर म्हटल्यावर तो तिला राणीसारखं वागवायचा. सुटकेस स्वतः उचलायचा, कारण आत माल होता! सकाळी न्यायचा, भाव ठरवायचा, दुपारी आणून सोडायचा. तेवढ्यात तिचे सिस्टरांचे पैसे निघायचे.

मी तिच्याशी भांडले. म्हटलं, "तुझ्या आईचे डोळे गेले त्या विणकामात."

"म्हणूनच," ती म्हणाली. "तिनं डोळे घालवले आणि मी ते पेटीत घालून ठेवले. कधी अंथरल्यात का? चांगल्या आहेत म्हणून नाही अंथरायच्या. मेल्यावर एक अंथरतील, बाकीच्या लोकांना दाखवतील. इथं एका जोडीत मला सात दिवस मिळतात."

"दाजींकडे माग ना. देतील ते."

"देतील. नाही कुठं म्हणते? पण आधी विचारतील, तेच चित्र सात दिवस काय बघतेस? आणि त्याचं उत्तर माझ्याकडे नाही. उत्तर नसलेल्या गोष्टीचे पैसे मी कसे मागू?"

साठ हजार हा आकडा पहिल्या वर्षी खरा होता. तुम्ही तो क्लबात सांगितलात. ती म्हणाली, "आता तो वाढवला तर त्यांचं नाक कापलं जाईल." म्हणून तोच राहिला. त्यावर आम्ही किती हसायचो!

हे सगळं असं आहे. मी तुम्हांला येऊ नका म्हणत होते, कारण तुम्ही सिस्टरांच्या दारात उभे राहिलात की पहिल्या मिनिटाला हिशेब फुटणार होता, आणि मला खोटं बोलता येत नाही, हे तुम्हीच बघितलंत. तेलाच्या डब्यानंच माझी वाट लावली.

आता तुमची मर्जी. पण "दुसऱ्या कोणाची बायको" हे शब्द तुम्ही कागदावर लिहिलेत, ते मी तिच्या बहिणीच्या नात्यानं विसरणार नाही. निदान ईस्टरपर्यंत तरी.

नीवेस

*

मोंतेफोस्को, २० फेब्रुवारी १९९९

प्रिय नीवेस,

पत्र मिळालं. कोनाडा अजून कोणाला दिलेला नाही, मीही घेतलेला नाही. कचेरीतल्या बाईला आणखी मुदत मागितली. ती म्हणाली, "औषधवाल्याची आजी काही तुमच्यासाठी थांबणार नाही." पण थांबली आहे, आता सूप पिते असं कळतं.

तू लिहिलंस ते खरं असू शकतं. तुझ्या बहिणीला वाचवायला तू रचलेलंही असू शकतं. मला वाईट वाटतं, पण असं वाटतं. ताईला यातलं काही सांगितलेलं नाही.

गाडीचं तिकीट काढलं. ईस्टरच्या मंगळवारी पोचेन. स्टेशनवर येऊ नकोस.

लिबोरिओ

*

फ्लोरेन्स, १० एप्रिल १९९९

प्रिय नीवेस,

आज शनिवार. सकाळी साडेसातला नाश्ता. मग टपाल कचेरीत जाऊन गावी फोन केला. मग चालत बाजारात, तिथून भोजनगृहात. दुपारी वजडी-पाव खाल्ला. तू म्हणालीस तसा, उभ्यानं. बरा होता.

तू नदीच्या अलीकडे आहेस, मी पलीकडे, आणि पत्र लिहितोय. गुरुवारी तुझ्याकडे जेवायला आलो तेव्हा हे बोलता आलं नाही. तूही विचारलं नाहीस, त्याबद्दल आभारी आहे.

बुधवारी मी ओत्तोरीनोच्या दुकानासमोर बराच वेळ उभा राहिलो होतो. मिशा पांढऱ्या आहेत, पट्टाही आहे. मी गिऱ्हाईक असल्यासारखा आत गेलो आणि दक्षिणेकडच्या चादरी आहेत का विचारलं. तो म्हणाला, "होत्या. आणणारी बाई आता येत नाही." मी विचारलं, काठावर काय विणलेलं असायचं? म्हणाला, "डाळिंबं. आणि दर चादरीत एक डाळिंब मुद्दाम उलटं, दृष्ट लागू नये म्हणून." ते खरं आहे. पण काठावरची डाळिंबं त्या चादरीवर निजलेल्या माणसालाही ठाऊक असतात, हे माझ्या मनात आलंच. तुला लिहायला लाज वाटते, पण आलं.

तेवढ्यात मागून त्याची बायको आली. तोंडात सुई, हातात फाटका टेबलक्लॉथ. माझ्याकडे बघितलं, माझ्या काळ्या टायकडे बघितलं आणि सुई काढून म्हणाली, "हे देल्फिनाबाईंचे का?"

मी मान हलवली.

"बघा! मी ह्यांना म्हणत होते, बाई आजारी असणार. हे म्हणे, दुसऱ्या दुकानात जात असेल. चोवीस तास संशय! बसा. तुम्ही बसपर्यंत सुटकेस पोचवता म्हणे?"

मी म्हणालो, हो.

"आणि आत काय आहे ते कधी विचारत नाही म्हणे. ह्यांना मी सांगते, असा नवरा असावा. हे तर माझी पर्सही तपासतात."

"तुझ्या पर्समध्ये माझे पैसे असतात, इओले," तो म्हणाला.

"आणि देल्फिनाबाई आल्या की चहाला मला बोलवायचे, एकट्यानं भाव करायची हिंमत नव्हती म्हणून. दर वेळी त्यांनी सांगितलेला भाव मीच वाढवून दिलाय, माहीत आहे? बायकांचे डोळे जातात त्यात." मग तिनं विचारलं, कशानं गेल्या? मी सांगितलं. तिनं दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं आणि आम्ही तिघं थोडा वेळ बसलो. त्यांच्याकडे आता एकही चादर नाही. मी मागितलीही नव्हती.

त्यानंतर रोज भोजनगृहात जातोय. पहिल्या दिवशी थोड्याच वेळात मला कंटाळा आला. फरशा बघितल्या. टेबलाच्या पलीकडे सगळे आणि अलीकडे एकटा यहूदा, येशूला पकडून देणारा. बाकावरून आपण त्याच्याच बाजूला बसलोय असं वाटतं. दुसरं काही सुचलं नाही. राखणदार म्हणाला, "उठायची घाई नाही, मी दुपारपर्यंत आहे." तेव्हा बसून राहिलो. तिला काय दिसायचं ते मला दिसलेलं नाही. आज चौथा दिवस. दिसेल असं वाटत नाही. पण आज मी घड्याळ बघितलं नाही.

सकाळी फोन केला तो दफनभूमीच्या कचेरीत. बाई म्हणाली, "फेब्रुवारीत तर नको म्हणाला होतात."

मी म्हणालो, "तेव्हा मला माहीत नव्हतं."

"काय?"

"शेजारी कोण आहे ते."

ती म्हणाली, "सोमवारी येऊन सही करा. आजी आता जिने चढते, त्यांना घाई नाही." दोनातोलाही निरोप ठेवायला सांगितलं, फक्त नाव आणि दोन तारखा. आदर्श वगैरे काही नको. ताई विचारेल, तिला मी सगळं सांगेन. ती ओरडेल, ओरडू दे.

तुझ्यावर मी संशय घेतला आणि लेखी घेतला. ते तू विसरू नकोस, पण पुढच्या वसंतात मला जेवायला बोलव. खर्चाचं म्हणशील तर साठ हजारांत बसलं नाही. क्लबात खरा आकडा सांगणार आहे.

उद्या सकाळी तुझ्याकडे निरोपाला येणार नाही. भोजनगृह रविवारी दुपारपर्यंत उघडं असतं, तिथून थेट स्टेशनवर जाईन. आता पावणेसात झालेत. खालून जेवणाची घंटा व्हायला अवकाश आहे. मोजे धुतले, ते खिडकीत वाळत घालतो.

लिबोरिओ